सर्पदंश आणि आपला उसाचा फड



लागण, बेणे, खोडवा हे आमच्या ऊस विकास खात्याचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र सापाविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे.

मागे एका गळीत हंगामात तोडणी टोळीतल्या एका मुलाच्या पोटात पहाटे दुखू लागले. खोपीत जमिनीवरच झोपलेला. अंगावर सूज नाही, जखम नाही. आम्ही फडावरच होतो. ‘ओवा-सोडा द्या, बरे वाटेल’ असे आम्हीच सांगितले. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, मग धावपळ. दवाखान्याच्या वाटेवरच मुलगा गेला. तो मण्यारीचा दंश होता हे नंतर कळले. नीट उमगले ते मुंबईत.

आमचे मेहुणे गिरगावात ठाकूरद्वारला चाळीत राहतात. गणपतीत त्यांच्याकडे गेलो, तर चाळीच्या उत्सवात एका डॉक्टरांचे सर्पदंशावर व्याख्यान. मुंबईच्या चाळीत सापाचे काय काम, असे वाटले. पण समोरची निम्मी मंडळी कोकणातली (रजा न मिळालेली!), आणि डॉक्टरांची पहिली नोकरी रायगड जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात झालेली. प्रश्नांना तोटा नव्हता.

आपल्याकडे माणसे दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. त्यासाठी डॉक्टर थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलवत नाहीत. तेवढ्यात गोठले नाही, की विष भिनले असे समजावे. नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर घाव घालतात. त्यातही मण्यार वाईट. ती रात्री फिरते, झोपलेल्याला चावते, आणि दात इतके बारीक की खूणही सापडत नाही. पोटदुखी, उलटी, जड पापण्या, मग श्वास बंद. म्हणजे आमच्या त्या मुलाचे अगदी हेच.

आम्ही उठून विचारले, की लस उशिरा दिली तर? डॉक्टर म्हणाले, रक्तात फिरणारे विष लस पकडते, पण मज्जातंतूंना झालेली इजा ती भरून काढत नाही. मग कित्येक दिवस यंत्राने श्वास द्यावा लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तणनाशक पानात उतरल्यावर पाण्याने धुऊन काय उपयोग!

ही लस घोड्यांपासून होते. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस वाढवत देतात, त्याच्या रक्तात विरोधी द्रव्य तयार होते, ते शुद्ध करून कुपीत भरतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी फार जुने जोडलेले आहे. ज्यांच्यावरून हे नाव पडले त्या हाफकिन साहेबांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. लोकांना पटवायचे तर आधी स्वतः, हा त्यांचा रोकडा हिशेब.

लहान मुलाला लस कमी द्यायची का, असे एका बाईंनी विचारले. नाही. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही, म्हणून मात्रा मोठ्या माणसाएवढीच. बहुधा सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते. लसीने कुणाला अंगावर गांधी उठतात, रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून ती घरी टोचायची वस्तू नव्हे.

विंचवाचेही थोडक्यात सांगतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध गुणकारी असल्याचे दाखवले. १९८६ मध्ये ते लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या डॉक्टराचे काम जगाने वाचले, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

आता फडातले. चावलेल्या माणसाला चालवू नका, धीर द्या, तो पाय किंवा हात फळीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, जोडवी लगेच काढा. घट्ट दोरी आवळू नका, घोणशीच्या दंशात त्याने पायच जातो. कापू नका, चोखू नका. सापाच्या मागे काठी घेऊन पळण्यात वेळ घालवू नका. मांत्रिकाकडे नेणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे, की आधी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. पहाटे विनाकारण पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर चावल्याची खूण शोधत बसू नका.

रात्रपाळीला पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच. खोपीत बाज आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी असावी. येत्या हंगामात टोळी उतरली, की आम्ही खोप्या पाहायला स्वतः येऊ. मुकादमांनी तेव्हा हजर राहावे.