जुनें ग्राफिक्स कार्ड : बदलावें कीं ठेवावें?

सन २०२५ च्या दिवाळींत आमच्या घरीं एका प्रश्नावर मोठें रण माजलें. प्रश्न दागिन्यांचा नव्हता, जागेचा नव्हता, कीं कोणाच्या विवाहाचाहि नव्हता. तो होता संगणकांतील एका कार्डाचा! आमचा थोरला चिरंजीव सन २०१७ सालीं नोकरीस लागला, तेव्हां पहिल्या कांहीं पगारांतून त्यानें एनव्हिडिया कंपनीचें ‘जीटीएक्स १०८० टीआय’ नांवाचें ग्राफिक्स कार्ड घेतलें. पुढें तो जर्मनीस गेला आणि संगणक धाकट्याच्या वांट्यास आला. दसऱ्यास पुस्तकांबरोबर या संगणकासहि हळदकुंकू आणि झेंडूचें फूल वाहण्याचा आमच्याकडे प्रघात पडला आहे. त्यामुळें ती निव्वळ यंत्राची पेटी राहिलेली नाहीं. शिवाय दोघे भाऊ दर रविवारीं सायंकाळीं, एक पुण्यांत व दुसरा सातासमुद्रांपलीकडे बसून, ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा खेळ एकत्र खेळतात आणि खेळतां खेळतां आठवड्याच्या साऱ्या गोष्टी बोलतात. एरवीं एकमेकांस चार ओळी लिहिण्याचा दोघांसहि कंटाळा. भावाभावांचा संवाद काय तो तेवढाच.

त्या खेळांत अलीकडे अडखळ येऊं लागली. चित्र मध्येंच थबके, धाकट्याचा गडी नाहक मारला जाई आणि थोरला तिकडून चिडे. एके दिवशीं धाकटा म्हणाला, “बाबा, कार्ड म्हातारें झालें. आठ वर्षें पुरीं झालीं त्याला. आतां नवें घेऊं द्या.” त्यानें शिकवण्या करून पस्तीस हजार रुपये सांठविले होते, मात्र ते पुढील शिक्षणाच्या प्रवेशशुल्कासाठीं राखून ठेवले आहेत, अशी आमची समजूत होती. गृहिणी म्हणाली, “चालतें आहे तें कां काढायचें? दादाच्या पहिल्या कमाईची वस्तु आहे ती.” अखेर लवाद म्हणून आमची नेमणूक झाली. या विषयांतील आमचें ज्ञान बेताचेंच होतें. परंतु दोन आठवडे वाचन, विचारपूस आणि प्रत्यक्ष प्रयोग करून आम्हीं जो निर्णय दिला, तो इतर घरींहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

कार्ड करतें तरी काय?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळीच होय. सामान्य पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, असे एकूण २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र हलतें भासावें म्हणून ही रांगोळी सेकंदास साठ वेळां पुसून पुन्हां काढावी लागते. म्हणजे एका सेकंदांत बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा विद्वान् शास्त्रीबोवांसारखा आहे. बिकट प्रश्न तो सोडवील. पण बारा कोटी सोपीं गणितें उरकणें हें त्याचें काम नव्हे. त्यासाठीं शाळेंतील हजारों मुलांस एकाच वेळीं पाट्या देऊन बसवावें लागतें. ग्राफिक्स कार्ड ही अशी शाळा आहे. आमच्या कार्डांत असे ३५८४ गणक असून चित्रसामग्री हाताशीं ठेवण्यास ११ गिगाबाइट स्मृति आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शास्त्रीबोवांनीं गणितें घालून दिल्यावांचून मुलांस काम नसतें. शास्त्रीबोवा थकले, तर शाळा कितीहि मोठी असली तरी मुलें रिकामीं बसून राहणार. आमच्या घरच्या वादाची मेख याच ठिकाणीं होती, हें पुढें दिसून येईल.

जुन्याची पुण्याई

सदर कार्ड मार्च २०१७ मध्यें ६९९ डॉलर किंमतीस बाजारांत आलें. खेळाडूंसाठीं निघणाऱ्या कार्डांत त्या काळीं तें जवळजवळ शिखरावरचें होतें. उंची वस्तु घेण्याचा एक लाभ असा कीं, ती लवकर उतरत नाहीं. सन २०२१ मध्यें निघालेलें ‘आरटीएक्स ३०६०’ हें मध्यम प्रतीचें कार्ड नुसत्या वेगांत साधारण याच्या बरोबरीचें भरतें. सन २०२३ मधील २९९ डॉलरांचें ‘४०६०’ थोडेंसें पुढें जातें, परंतु त्याची स्मृति अवघी ८ गिगाबाइट. अलीकडील कांहीं खेळ उच्च मांडणीवर आठांहून अधिक गिगाबाइट मागतात. तात्पर्य, जुन्या सरदारास नव्या शिपायानें गांठलें खरें, परंतु शिपायाचें कोठार सरदाराच्या कोठाराहून लहान! अशा बदलांत पैसे खर्च होतात, पण डोळ्यांस फरक जाणवत नाहीं.

बंद होत चाललेलीं दारें

याचा अर्थ जुनें तें सोनें म्हणून स्वस्थ बसावें असा मात्र नव्हे. सप्टेंबर २०१८ मध्यें त्याच कंपनीनें जी नवी पिढी आणली, तिच्यांत दोन नवीं अंगें होतीं. पहिलें अंग प्रकाशकिरणांचें गणित करणारें. पूर्वीं खेळांतील छाया आणि प्रतिबिंबें बहुधा चित्रकाराच्या हातचलाखीनें भासविलीं जात. आतां किरण कोठून निघाला, कशावर आपटला आणि कोठें वळला याचा हिशेब करून तीं काढतां येऊं लागलीं. दुसरें अंग लहान चित्रावरून मोठें व स्वच्छ चित्र सिद्ध करण्याच्या कामीं येणारें. आमच्या कार्डास हीं दोन्ही अंगें नाहींत.

बरींच वर्षें या उणिवेनें फारसें अडलें नाहीं. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें निघालेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम : द डार्क एजेस’ या खेळांस किरणगणिताचें अंग अनिवार्य आहे, जुन्या कार्डाची शक्ति कितीहि असो, तेथें प्रवेश नाहीं. त्यापूर्वीं ऑक्टोबर २०२३ मध्यें आलेला ‘अ‍ॅलन वेक २’ या पिढीच्या कार्डांवर अडखळतच चाले. मार्च २०२४ मधील दुरुस्तीनंतर तो बराच सुसह्य झाला. म्हणजे कांहीं दारें अर्धवट उघडतात आणि कांहीं मुळींच उघडत नाहींत. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीनें सन २०२१ मध्यें ‘एफएसआर’ नांवाची जी चित्रवर्धनाची युक्ति सर्वांस खुली केली, ती जुन्या कार्डांवरहि चालते आणि त्यांचें आयुष्य लांबविते, हें मात्र कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट कालमर्यादेची. या पिढीच्या कार्डांसाठीं नव्या खेळांस अनुरूप ड्रायव्हर काढणें ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवावयाचें आणि पुढें ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या द्यावयाच्या, असें एनव्हिडियानें जाहीर केलें. कार्ड त्यामुळें बंद पडत नाहीं. मात्र तें आतां सेवानिवृत्त झालें आहे असें समजावें.

दोष कोणाचा?

इतकें समजल्यावर आम्हीं धाकट्यास घेऊन प्रत्यक्ष परीक्षेस बसलों. प्रथम पेटी उघडली. पंख्यांवर धुळीची गादीच बसली होती. हें कार्ड ८४ अंशांच्या सुमारास तापलें कीं आपण होऊन वेग आवरतें. आमचें तर तेथेंच पोंचलेलें होतें. धूळ झाडली, कार्डाच्या मेंदूवरील वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, आणि वीज घेण्याची मर्यादा थोडी खालीं आणली. तपमान बारा-चौदा अंशांनीं उतरलें आणि पंख्यांचा घरघराट इतका कमी झाला कीं, शेजारच्या खोलींत जपास बसलेल्या आमच्या मातोश्रींनींहि तो थांबल्याचें ओळखलें!

तरी रविवारचा खेळ थबकतच होता. तेव्हां आम्हीं दुसरा प्रयोग केला, आणि तो सर्वांनीं करून पाहण्यासारखा आहे. खेळाच्या मांडणींत चित्राचें मान १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावें. ठिपके निम्म्याहूनहि कमी होतात. दोष कार्डाचा असेल तर वेग ताबडतोब वाढला पाहिजे. आमच्याकडे वेग जेथल्या तेथेंच राहिला. अर्थात् शाळेंतलीं मुलें रिकामीं बसलीं होतीं आणि थकले होते ते शास्त्रीबोवा! प्रोसेसर २०१७ सालचा, चार गाभ्यांचा. त्यांत रॅमची पट्टी एकच, ८ गिगाबाइटची. हा खेळ कार्डापेक्षां प्रोसेसर आणि रॅम यांवरच अधिक भार टाकणारा आहे. तिच्याच जोडीची दुसरी पट्टी बसविली. नव्या कार्डाच्या सुमारें दशांश खर्च आला. पुढच्या रविवारीं खेळांतील अडखळ जवळजवळ नाहींशी झाली. थोरल्यानें तिकडून विचारलें, “नवें कार्ड घेतलेंस वाटतें?” धाकटा आमच्याकडे पाहून हंसला.

बदलाचा हिशेब

तथापि धाकट्याचा पक्ष अगदींच लंगडा नव्हता. तो म्हणाला, “पण बाबा, डूम चालणारच नाहीं ना?” तें खरें होतें, आणि तसें आम्हीं त्यास मोकळेपणें सांगितलें. विशिष्ट खेळ हवाच असेल, किंवा ‘ब्लेंडर’सारख्या साधनावर चित्रनिर्मिति शिकावयाची असेल, तर नव्या कार्डाचें किरणगणिताचें अंग कामास येतें, त्यास जुन्या कार्डावर औषध नाहीं. प्रश्न इतकाच उरतो कीं, बदल करावयाचा तर कोणता?

आमच्या मतें बदल असा असावा कीं, वेग सुमारें दुप्पट व्हावा आणि स्मृति कमी होऊं नये. मार्च २०२५ मध्यें ५४९ डॉलर मूळ किंमतीस आलेलें ‘५०७०’ हें १२ गिगाबाइटांचें कार्ड या कसोटीस उतरतें. तें जुन्या कार्डाइतकीच, म्हणजे २५० वॅट, वीज घेऊन दुपटीच्या घरांत काम देतें. परंतु चार गाभ्यांच्या प्रोसेसरापुढें तें पुष्कळदां स्वस्थ बसून राहील. प्रोसेसर बदलावा तर मदरबोर्ड बदलला पाहिजे, त्यामागोमाग रॅम, आणि पॉवर सप्लायहि तपासला पाहिजे. शिवाय २०१७ च्या या प्रोसेसरावर विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं आणि विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशांतली गत व्हावयाची.

स्वस्त कार्ड घ्यावें तर त्यांतहि खोंच आहे. ‘४०६०’ आणि ‘५०६०’ हीं कार्डें मदरबोर्डाशीं बोलण्यास आठच पदरांचा मार्ग वापरतात. जुन्या कार्डास सोळा पदर होते. नव्या मदरबोर्डावर पदरांची गति मोठी असल्यानें आठहि पुरतात, जुन्यावर मात्र कांहीं वेळां कोंडी होते.

“पण विजेची बचत होईल कीं!” असें गृहिणीनेंच मध्यें सुचविलें, म्हणून तोहि हिशेब मांडला. जुनें कार्ड पूर्ण भारावर २५० वॅट घेतें, ‘४०६०’ घेतें ११५. फरक १३५ वॅटांचा. रोज तीन तास खेळ धरला तर महिन्यास सुमारें १२ युनिटें वांचतात. युनिटामागें दहा रुपये धरल्यास महिन्यास एकशेंवीस रुपये! तीस हजारांचें कार्ड या बचतींतून फेडावयास वीस वर्षें लागतील.

निवाडा

तेव्हां आमचा निवाडा असा झाला. ज्याचा पडदा सामान्य मानाचा आहे आणि ज्याचे आवडीचे खेळ जुन्या कार्डावर चालतात, त्यानें धूळ झाडावी, पेस्ट बदलावी, दोष नक्की कोठें आहे तें पडताळावें आणि पैसे राखावे. ज्यानें चौपट ठिपक्यांचा, म्हणजे ३८४० बाय २१६० चा पडदा घेतला आहे, किंवा ज्यास बंद दारांपलीकडचा खेळ अथवा अभ्यास खरोखरीच हवा आहे, त्यानें बदल करावा. मात्र तो अर्धामुर्धा करूं नये. केवळ शेजाऱ्यानें नवें घेतलें म्हणून बदलणें, हा खर्च होय, सुधारणा नव्हे.

धाकट्यानें निवाडा मानला, पण एका अटीवर. प्रवेशशुल्क भरून जें उरेल त्यांत पुढील कमाई घालून संपूर्ण संगणकच नवा घ्यावयाचा, आणि तेव्हां आम्हीं आड यावयाचें नाहीं. ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवड आहे, असें म्हणून आम्हीं तें कबूल केलें. जुन्या कार्डाचें त्या वेळीं काय करावें, हा प्रश्न गृहिणीनें आधींच निकालांत काढला आहे : तें विकावयाचें नाहीं, आमचा भाचा आतां आठवींत आहे, तें त्याच्याकडे जावयाचें. तोंवर दर दसऱ्यास त्यास झेंडूचें फूल आहेच. आणि रविवारीं सायंकाळीं धाकट्याच्या खोलींतून दोन्ही भावांचे हंसण्याचे आवाज येतात, तेव्हां रॅमच्या त्या एका पट्टीचा खर्च सार्थकीं लागला असें आम्हां उभयतांस वाटतें.