सोळा कोटी, पाचपाचशेंनी

एक हिशेब करून पाहा. पाचपाचशे रुपयांच्या देणग्यांतून 16 कोटी उभे करायचे, तर किती माणसं लागतील? 3 लाख 20 हजार! एका अनोळखी बाळासाठी इतका पैसा जमेल असं कुणाला वाटेल? पण 2021 साली मुंबईतल्या एका बाळाच्या औषधासाठी लोकवर्गणीतून तो जमला. वर त्या औषधावरचा सुमारे 6 कोटींचा कर केंद्र सरकारनं माफ केला.

मुळात ते औषधच थक्क करणारं आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजारात एकच जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, पुढे गिळणं अवघड होतं, मग श्वास. झोलजेन्स्मा या औषधात एका निरुपद्रवी विषाणूतली त्याची स्वतःची जनुकं काढून तिथं धडधाकट मानवी जनुक भरलेलं असतं. शिरेतून एकदाच द्यायचं. पेशींपर्यंतची वाट विषाणूच शोधतो. अमेरिकेत मे 2019 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत होती 21 लाख 25 हजार डॉलर.

मग हा पैसा जमतो कसा? मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर एक पान उघडायचं. नाकात नळी घातलेल्या बाळाचा फोटो, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं एस्टिमेट, आईबापांची कहाणी, जमलेल्या रकमेचा आकडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं बटण. बस्स, एवढंच.

इथून पुढे जे घडतं ते खरं पाहण्यासारखं. अनोळखी माणूस शून्यावरच्या पानावर सहसा पैसे टाकत नाही. आधी मामा, वर्गमित्र, ऑफिसातले सहकारी टाकतात. आकडा हलतो, मगच परक्यांचा विश्वास बसतो. दुधाला विरजण लागावं तसं आहे हे. आणि विरजण घरचंच लागतं! ज्याचे वर्गमित्र पुण्यात, दुबईत, न्यू जर्सीत नोकरीला आहेत त्याच्याकडे ते भरपूर. ज्याचा सगळा गोतावळा ऊसतोडीला जातो, त्यानं काय करायचं? गरज तीच, आजार तोच. पण त्याच्या पाठीशी उभी असलेली माणसंही त्याच्याइतकीच रिकाम्या खिशाची.

हा नुसता तर्क नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नोरा केनवर्दी आणि मार्क आयग्रा यांनी अमेरिकेतल्या गोफंडमी या संकेतस्थळावरच्या 2016 ते 2020 या काळातल्या 4 लाख 37 हजारांहून अधिक वैद्यकीय मोहिमा तपासल्या. एकूण जमले 2 अब्ज डॉलरहून जास्त. केवढा हा दिलदारपणा! पण ठरवलेली रक्कम गाठली शंभरातल्या 12 मोहिमांनीसुद्धा नाही, आणि 16 टक्के मोहिमांना एकही देणगी मिळाली नाही. जिथं उत्पन्न कमी, विमा नसलेले लोक जास्त आणि दवाखान्याचं कर्ज जास्त, तिथल्या मोहिमांना पैसेही कमीच मिळाले. म्हणजे गरज वाढत जाते तशी मदत आटत जाते. हे वाचून मला नुसतं नवल वाटलं नाही, वाईटही वाटलं.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात एक वर्गणी अशी आहे, जिला फोटो लागत नाही आणि कहाणीही लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. हा खर्च भागवण्यासाठी रुग्णांच्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वळती होते. विचार करा, अशा रुग्णालयात तुम्ही 1 लाखाचं बिल भरलंत, तर त्यातले 2 हजार कुणाच्या तरी उपचारासाठी बाजूला पडले. तुम्हाला पत्ताही नाही! तो रुग्ण कोण, त्याची ओळख किती, इंग्रजी येतं का, हे कुणी विचारत नाही. विचारतात तो तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड.

16 कोटींचं औषध या निधीत बसणार नाही, हे खरंच. पण हाडाचं ऑपरेशन, अपेंडिक्स, बाळंतपणातली गुंतागुंत अशी कितीतरी बिलं बसू शकतात. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्याच्या उपचारासाठी लिंक आली तर जमेल तेवढे पैसे जरूर टाका, आणि त्याच्या घरच्यांना एक फोनही करा. रुग्णालय धर्मादाय आहे का, आणि या निधीसाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना ते भेटलेत का, एवढं विचारा.