नावांच्या मुळाशी (भाग ११) : अंबर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा मुंबईच्या बातम्यांत अधूनमधून एक मथळा दिसतो : ‘व्हेल माशाची उलटी जप्त’. सोबत पोलिसांच्या टेबलावर मांडलेल्या करड्या ढेकळांचा फोटो आणि खाली कोटींतली किंमत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही वस्तू बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. तिचं अरबी नाव अंबर. चारशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात हेच नाव एका माणसाचं होतं. तो म्हणजे मलिक अंबर.

गेल्या दोन भागांत स्वतंत्र अरब माणसाचं नाव कसं उभं राहतं ते आपण पाहिलं. अबू अमुक म्हणजे अमक्याचा बाप, इब्न तमुक म्हणजे तमक्याचा मुलगा, पुढे कूळ, पुढे गाव. आज ज्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, त्यांच्या, म्हणजे गुलामांच्या, नावाकडे वळायचं आहे.

आधी शब्द नीट वेगळा करून घेऊ. अंबर म्हटलं की मराठी कानाला आकाश आठवतं. तो अंबर संस्कृत, त्याचं या नावाशी नातं नाही. ‘कागदांचा अंबार’ म्हणतो त्यातला अंबार फारसी. त्याचा मूळ अर्थ कोठार, आणि इराकच्या अनबार प्रांताचं नाव त्यावरून पडलं. आपला आजचा शब्द अरबीत ऐन, नून, बे, रे अशा चार अक्षरांनी लिहितात. ऐन घशाच्या तळातून येतो. मराठीत तो उच्चार नसल्याने आपण साधा ‘अ’ म्हणून मोकळे होतो. लिहिताना नून म्हणजे ‘न’ असतो, पण ‘ब’च्या आधी आला की तो ओठांवर येऊन ‘म’ होतो. कुराणपठण शिकवणारे या बदलाला ‘इक्लाब’ म्हणतात. आपला अनुस्वार नेमकं हेच करतो, म्हणून ‘अंबर’ हे मराठी लेखन मूळ अरबी उच्चाराच्या फार जवळ जातं. पुस्तकांत कुठे ‘अनबर’ आणि कुठे ‘अंबर’ दिसलं तर गोंधळू नका, नाव एकच.

आता वस्तू. स्पर्म व्हेल माकुळं खातो. माकुळाची टणक चोच त्याला पचत नाही, आणि त्या चोचींभोवती त्याच्या आतड्यात एक मेणचट पदार्थ साठत जातो. म्हणजे ‘उलटी’ हा शब्द तसा चुकीचाच. बाहेर पडतो तेव्हा त्याला दुर्गंधी असते. मग वर्षानुवर्षं तो लाटांवर, उन्हात आणि मिठात राहतो, घट्ट होतो, आणि त्याचा वास हळूहळू गोड, कस्तुरीच्या अंगाने जाणारा होतो. अत्तरात याचा कण पडला की इतर सुगंध टिकून राहतात. खुद्द त्या माशालाही अरबीत अंबरच म्हणतात. बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांविषयीच्या आठवणींच्या संकलनात, एक हकिगत आहे. अबू उबैदांच्या नेतृत्वाखाली तीनशे माणसं समुद्राकाठी उपाशी पडली होती. किनाऱ्यावर अंबर नावाचा प्रचंड मासा लागलेला त्यांना दिसला आणि पुढे पंधरवडाभर ती त्याच्यावर जगली. त्याची बरगडी उभी केली तर तिच्याखालून उंटावरचा स्वार निघून गेला, असं त्या हकिगतीत सांगितलं आहे.

अशी दुर्मीळ, राजदरबारी वस्तू. तिचं नाव गुलामाला का दिलं जात असेल?

नाव एकट्या अंबरचं नव्हे. अरबी जगातल्या गुलामांची नावं एकाखाली एक मांडली तर काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, लूलू म्हणजे मोती, मरजान म्हणजे पोवळं, जौहर म्हणजे रत्न. आपला ‘जवाहीर’ हा शब्द या जौहरचंच अनेकवचन आहे. दुसरा गट शुभ शब्दांचा : मुबारक, मरजूक, मसरूर. या उलट, जुन्या अरब टोळ्यांत स्वतःच्या मुलांची नावं पाहा : असद म्हणजे सिंह, हर्ब म्हणजे युद्ध, मुर्रा म्हणजे कडू, आणि कल्ब म्हणजे चक्क कुत्रा. ही उलटापालट अरबांच्याही नजरेत आली होती. नावांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात तिची चर्चा करणारा इब्न दुरैद ९३३मध्ये वारला, म्हणजे हा विचार हजार वर्षांहून जुना. एका अरबाला कुणी याचं कारण विचारलं, तेव्हा मुलांची नावं आम्ही शत्रूंसाठी ठेवतो आणि गुलामांची आमच्यासाठी, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं, असा किस्सा जुन्या ग्रंथांत येतो.

या उत्तरावर मी बरेच दिवस अडून राहिलो. नाव हाक मारण्यासाठी असतं, आणि घरात दिवसभरात सगळ्यांत जास्त हाका कुणाला? पाणी आण, दार लाव, घोडा बांध. मालकाच्या तोंडी जो शब्द शंभर वेळा येणार तो गोड असावा, शुभ असावा, ही त्यातली सोय. इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहात याच सोयीची दुसरी बाजू दिसते. गुलामांची नावं अफलह, रबाह, यसार, नाफी अशी ठेवू नयेत, असं तिथे सांगितलं आहे. यसार म्हणजे सुबत्ता. ‘यसार आहे का घरात?’ असं कुणी विचारलं आणि तो बाहेर गेलेला असला, तर ‘नाही’ म्हणावं लागतं. घरात सुबत्ता नाही, हे आपल्याच तोंडून निघतं. नाव किती रोजच्या वापरातलं होतं, हे यावरून कळतं.

दुसरं कारण मला याहून कडू वाटतं. ही नावं पुन्हा वाचा : अंबर, कापूर, मोती, माणिक, पोवळं. ही व्यापाऱ्याच्या चोपडीतली मालाची यादी आहे. दहाव्या शतकातला प्रवासी लेखक मसूदी उत्तम अंबराचा ठिकाणा म्हणून पूर्व आफ्रिकेच्या, म्हणजे ‘जंज’च्या समुद्राचं नाव घेतो. त्याच किनाऱ्यावरून माणसंही गलबतांत भरली जात. एकाच फेरीत अंबर हा मालही उतरे आणि अंबर नावाचा मुलगाही.

रंगही त्यात आहे. फारसी कवितेत काळ्याभोर, सुगंधी केसांना अंबराची उपमा देतात. काळ्या मुलाला अंबर म्हणणं सरळ, तर त्यालाच काफूर म्हणणं उलटं, कारण कापूर पांढरा. दहाव्या शतकात इजिप्तवर सत्ता गाजवणारा काफूर हा काळा आफ्रिकी, इख्शीद घराण्याने विकत घेतलेला. त्याला अबुल-मिस्क, म्हणजे कस्तुरीचा बाप, असंही म्हणत. एकाच माणसाच्या नावात पांढरा कापूर आणि काळी कस्तुरी. थोर कवी मुतनब्बी त्याच्या आश्रयाला आला, या कस्तुरीवर त्याने स्तुतिकाव्यं रचली. हवं ते पद मिळालं नाही, तेव्हा ९६२मध्ये तो इजिप्तमधून पळाला आणि त्याच काफूरला गुलाम म्हणून हिणवणारी कविता लिहून मोकळा झाला. अरबी शाळांत ती कविता आजही ठाऊक आहे. कवितेचं सामर्थ्य मान्य करूनही मला ती वाचवत नाही. काफूर ९६८मध्ये वारला. पुढच्याच वर्षी फातिमी सैन्य घेऊन जो सेनापती इजिप्तमध्ये शिरला आणि ज्याने कैरो शहर वसवलं, त्याचं नाव जौहर. तोही मूळचा गुलाम, मात्र सिसिलीकडून आलेला, गोरा. तेव्हा ही नावं एकट्या काळ्यांची, असं समजायचं कारण नाही.

गुलामाला ‘इब्न’ नव्हता, हे वर आलंच. बाप माहीत नसे, किंवा असला तरी मोजला जात नसे. मग लिहिताना रिकामी जागा कशी भरायची? ‘इब्न अब्दुल्ला’ लिहून. अब्दुल्ला म्हणजे देवाचा दास, आणि तो तर प्रत्येकाचाच पूर्वज धरता येतो. ‘मुअजमुल-बुल्दान’ हा प्रचंड भूगोलकोश लिहिणारा याकूत हमवी (११७९–१२२९) असाच. पूर्ण नाव याकूत इब्न अब्दुल्ला रूमी हमवी. ‘रूमी’ म्हणजे बायझंटाईन मुलखातला, आणि ‘हमवी’ हे तर त्याला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या हमा गावावरून आलेलं. इतक्या मोठ्या नावात त्याच्या आईबापाने दिलेला एकही शब्द नाही.

आता मलिक अंबर. जन्म इथिओपियात, १५४८च्या सुमारास. मूळ नाव चापू होतं असं इतिहासकार देतात. पोरवयात विकला गेला, हातोहात बगदादपर्यंत पोचला, आणि तिथल्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने घेतलं. तोही हबशीच. पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे : निजामशाही तोलून धरणं, मोगलांना दख्खनेत रखडवणं, १६२४ची भातवडीची लढाई, ज्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी पडले.

त्याच्या नावातला ‘मलिक’ जवळून पाहण्यासारखा आहे. अरबीत म-ल-क ही तीन अक्षरं मालकीची. त्यांतून ‘मलिक’ म्हणजे राजा, सरदार. त्यांतूनच आपला ‘मालक’ आणि ‘मुलूख’. आणि त्यांतूनच ‘ममलूक’, म्हणजे मालकीचा माणूस, गुलाम. चापूचा ममलूक अंबर झाला आणि ममलूक अंबरचा मलिक अंबर. तीन अक्षरं न बदलता माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. ‘सिद्दी’ या शब्दाचीही गोष्ट जवळची आहे. तो ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, यावरून आला असं मानतात. १६६०मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, जंजिऱ्याचा सिद्दी संबूल, १६८९मध्ये मुंबईच्या किल्ल्याला भिडलेला सिद्दी याकूतखान : रत्न, सुंबुल ही सुगंधी वनस्पती आणि माणिक. मराठ्यांच्या इतिहासात आपण ही नावं शत्रूंची म्हणून पाठ केली. त्यांच्या मुळाशी गुलामांच्या बाजारातली ही रीत आहे, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

काळ गेला तसा या नावांवरचा तो शिक्का पुसट होत गेला. बैरुतच्या प्रतिष्ठित घराण्यात जन्मलेल्या अंबरा सलाम (१८९७–१९८६) या लेखिकेने होमरचं ‘ओडिसी’ अरबीत आणलं, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढा दिला. आपल्याकडच्या मुस्लिम घरांत मुलीचं नाव अंबरीन ठेवतात, तेव्हा आईबापांच्या मनात सुगंध असतो, दुसरं काही नसतं.

मलिक अंबरने स्वतःच्या मुलांना मात्र अत्तराचं नाव दिलं नाही. एक फत्तेखान म्हणून ओळखला गेला, दुसरा चंगीजखान. एकात विजय, दुसऱ्यात आपल्या जुन्या धन्याचं नाव. जुन्या अरब बापासारखीच त्याने मुलांची नावं शत्रूंसाठी ठेवली. १६२६मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याने १६१०मध्ये वसवलेल्या खडकीचं आधी फत्तेनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून त्या शहराला पाणी पुरवणाऱ्या त्याच्या नहरीला लोक अजून नहर-ए-अंबरीच म्हणतात.

तुमच्या घरी किंवा ओळखीत अंबर, अंबरीन, याकूत, जौहर यांपैकी एखादं नाव असेल, तर ते कुणी आणि कशावरून ठेवलं हे विचारून मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात ‘मुबारक’.