घरात पाम आणलाय? जरा दमानं घ्या!

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला, की पहिल्या महिन्यात तीन गोष्टी हमखास घरात येतात. दारावरची नावाची पाटी, ईएमआयवरचा सोफा आणि सोफ्याच्या बाजूला अरेका पाम! मीही अपवाद नव्हतो. रविवारी सकाळी मित्रांबरोबर मिसळ हाणून परत येताना रस्त्याकडेच्या नर्सरीत थांबलो. खांद्याएवढा, हिरवागार पाम दिसला. थोडी घासाघीस केली आणि अर्ध्या झावळ्या रिक्षाबाहेर काढून त्याला घरी आणलं. हॉलचा लूकच बदलला. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, 'वॉव'ही मिळाले.

मग सुरू झाली सेवा. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी न चुकता तांब्याभर पाणी. मीटिंग असो, हँगओव्हर असो, पाणी चुकलं नाही. तरी तिसऱ्या महिन्यात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मग दोन तांबे!

दिवाळीला गुहागरहून मामा आले. त्यांची नारळ-पोफळीची वाडी आहे. चहा व्हायच्या आधीच ते कुंडीपाशी उकिडवे बसले. एका खोडाच्या मधोमध असलेलं, अजून न उलगडलेलं पान त्यांनी दोन बोटांत धरून हलकेच ओढलं. ते अलगद हातात आलं. खालचं टोक काळं पडलेलं आणि वास कुजका.

"पाणी कधी घालतोस रे?"

"रोज."

"मग बुडवून मारलंस की त्याला." माझा चेहरा बघून आवाज थोडा खाली आणत ते म्हणाले, "माडाला जीव एकच असतो बाबा, आणि तो डोक्यात. हा कोंब गेला, की झाड गेलं."

त्या एका वाक्यानं मला पाम कळायला सुरुवात झाली. तुमच्याही हॉलमध्ये, बाल्कनीत किंवा रो-हाऊसच्या अंगणात पाम असेल, तर वाचा. तुमचा अजून वाचू शकतो.

सगळा खेळ शेंड्याचा

तुळशीचा शेंडा खुडला, की ती बाजूनं फुटते. जास्वंद छाटली, की आणखी डेरेदार होते. पामचं तसं नाही. तो गवत, बांबू, केळी यांच्या जवळचा; आंबा-वडाच्या नाही. त्याच्या खोडाला फांद्यांचे डोळे नसतात. शेंड्यात एकच वाढीचा कोंब असतो आणि प्रत्येक नवं पान तिथूनच बाहेर येतं. नारळ, रॉयल पाम यांचं खोड एकच, म्हणजे जीवही एकच. अरेकाचं बेट असतं, त्यामुळे एक खोड गेलं तरी बाकीची जगू शकतात. पण प्रत्येक खोडाचा नियम तोच. उंची कमी करायला शेंडा छाटलात, तर ते खोड संपलं.

दुसरी गोष्ट, पामच्या खोडाला झालेली जखम भरून येत नाही. आंब्याची साल सोलली तर ती हळूहळू कडेनं मिटत येते. पामला ती सोयच नाही. म्हणून दिवाळीची लाइटिंग लावायला खोडात खिळे ठोकू नका, प्लीज.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या घाईच्या माणसांसाठी सगळ्यात कठीण. नवं पान उलगडण्याआधी कितीतरी आठवडे ते कोंबाच्या आत तयार होत असतं. त्यामुळे आज केलेली चूक किंवा सेवा दिसायला कधी आठवडे लागतात, कधी महिने. पाम आज जे दाखवतोय, ती जुनी बातमी असते. आपण मात्र सोमवारी खत घालतो आणि शुक्रवारी रिझल्ट मागतो. मिळाला नाही, की अजून खत, अजून पाणी. माझा पाम असाच गेला.

आधी ओळख, मग खरेदी

पामच्या जगात सुमारे २६०० जाती आहेत. नर्सरीत त्यातल्या आठ-दहा भेटतात. त्यांची ही थोडक्यात ओळख.

अरेका पाम : सगळ्यात स्वस्त, सगळीकडे मिळणारा. मूळचा मादागास्करचा. गंमत म्हणजे खरी 'अरेका' ही आपली पोफळ, सुपारी देणारी. याला भरपूर उजेड लागतो, पण भर दुपारचं ऊन नको. हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलात, तर तो महिनोन्‌महिने हळूहळू वाळत जातो. घेताना कुंडीत वाकून बघा. लवकर दाट दिसावा म्हणून एकाच कुंडीत बरीच रोपं कोंबलेली असतात. अशी कुंडी लवकर सुकते आणि लवकर भरते.

रॅफिस पाम : बोटं पसरलेल्या पंज्यासारखी पानं, बारीक काड्यांसारखी खोडं. मूळ दक्षिण चीनकडचा. अरेकापेक्षा महाग आणि वाढायला एकदम निवांत. पण कमी उजेडात, एसीच्या घरात टिकणारा याच्यासारखा दुसरा नाही. खिडकी एकच असेल, तर पैसे इथे घाला.

पार्लर पाम : मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा छोटा पाम. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडच्या दिवाणखान्यांत तो भलताच लोकप्रिय होता. स्टडी टेबलाशेजारी मस्त.

फिशटेल पाम : माशाच्या शेपटीसारखी पानं. याचाच भाऊबंद म्हणजे आपल्या सह्याद्रीतला भेरली माड. कुंडीत छान दिसतो, पण छताला डोकं लवकर टेकवतो. आणि याचा स्वभाव वेगळा : खोड पूर्ण वाढलं, की वरून खाली एकेक फुलोरा येत जातो आणि शेवटचा फळला, की ते खोड मरतं. तेव्हा तुमचं काही चुकलं असं समजू नका. फक्त फळांना हात लावू नका, भयंकर खाज सुटते.

आता दोन तोतये. 'ट्रॅव्हलर्स पाम' हा पाम नाहीच. आणि नर्सरीवाले ज्याला 'सागो पाम' म्हणतात, तो सायकस, तोही नाही. पहिला फक्त नावाचा गोंधळ. दुसरा मात्र धोकादायक. सायकसचे सगळे भाग, त्यातही बिया, कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. कुत्र्यानं बी चावली तर लिव्हर निकामी होऊन जीव जाऊ शकतो. घरात पेट असेल, तर सायकस नकोच. चावलाच, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. अरेका, रॅफिस आणि पार्लर पाम या बाबतीत निर्धास्त.

अंगण असेल तर दहा वर्षं पुढचं बघा

रो-हाऊसवाल्यांची हौस वेगळी असते. गेटच्या दोन्ही बाजूंना रॉयल पाम! बिल्डरच्या ब्रोशरमध्ये असतात ना, अगदी तस्से. रॉयल पाम हे क्यूबाचं राष्ट्रीय झाड. देखणं आहेच. पण ते वीस मीटरच्या वर जातं आणि त्याची वाळलेली झावळी चांगली जड असते. ती सांगून पडत नाही. खाली तुमची गाडी असेल, नाहीतर शेजाऱ्यांचं पोर.

नारळाचंही तेच. २०१७च्या जुलैमध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून रस्त्यानं जाणाऱ्या एका महिलेचा जीव गेला होता. नारळ लावू नका असं मी म्हणत नाही. पण मामांच्या वाडीत दोन माडांमध्ये साडेसात मीटर अंतर असतं. आपण तोच माड कंपाउंड आणि पार्किंगच्या मधल्या तीन फुटांत बसवतो! नंतर तोडू म्हणाल, तर महाराष्ट्रात १९७५ सालापासून शहरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. आपल्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे विचार लावताना करायचा, तोडताना नाही.

जागा छोटी असेल तर बॉटल पाम बघा. बुंधा बाटलीसारखा फुगीर, वाढ संथ आणि उंची बेताची. तो मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. तिथल्या रानात त्याची मोजकीच झाडं उरली, जगभरच्या बागांत मात्र तो सुखात आहे. आणि नारळ लावलाच असेल, तर शेंड्याकडे लक्ष ठेवा. नव्या पानांवर कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोण दिसले, तर गेंड्या भुंगा आला समजा. त्यानं केलेल्या भोकातून पुढे सोंड्या भुंगा शिरतो, आणि तो आतून झाड पोखरून मारतो.

पाण्याचा फंडा

नियम एकच : घड्याळ बघून नाही, माती बघून पाणी. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर हात धुवा आणि ऑफिसला जा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी द्या. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. नाहीतर मुळं कुजतील, आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांची सोय होईल ती वेगळीच.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. आरओ प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालून अनेकांना पुण्य मिळवल्यासारखं वाटतं. त्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि पामला क्षार सोसत नाहीत. पानांची टोकं तपकिरी होण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणीही तसंच. असंच पाणी येत असेल, तर महिन्यातून एकदा बाथरूममध्ये कुंडी ठेवून नितळ पाण्यानं माती भरपूर धुऊन काढा. पावसाचं पाणी बेस्ट. एसीतून टपकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

पिवळं पान दिसलं, की कात्री नको

सगळ्यात खालचं, जुनं पान पिवळं होतंय? नॉर्मल आहे. पाम जुन्या पानातलं पोटॅशियम काढून नव्या पानाला देत असतो. अर्धवट पिवळं पान कापलंत, तर त्याचा डबाच पळवलात. पान पूर्ण तपकिरी झाल्यावरच कापा. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियम कमी पडतंय. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट द्या. आणि नवं, मधलं पानच काळं पडत असेल, तर मात्र पाणी ताबडतोब थांबवा.

एसीच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी होतात. बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले, की पानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा. मग दर आठवड्याला निंबोळी तेल आणि थोडा साबण पाण्यात घालून फवारा.

हवा शुद्ध होते का हो?

हा प्रश्न येणारच! १९८९मध्ये नासाच्या एका अभ्यासात झाडांनी हवेतली काही रसायनं शोषल्याचं दिसलं होतं. २००९मध्ये दिल्लीचे कमल मित्तल यांनी टेडच्या मंचावरून माणशी खांद्याएवढे चार अरेका पाम हवेत असं सांगितलं आणि अरेकाचं नशीब फळफळलं. पण नासाचे प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते. २०१९मध्ये दोन संशोधकांनी अशा अभ्यासांचा हिशेब पुन्हा मांडला. उघड्या खिडकीएवढं काम करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं त्यातून निघालं. म्हणजे वन बीएचकेमध्ये तुम्हाला राहायला जागा उरणार नाही. हवेसाठी खिडकी उघडा. पाम ठेवा तो आवडतो म्हणून.

पाम-कॅलेंडर

फेब्रुवारी-मे : पश्चिमेच्या उन्हापासून लांब. माती लवकर सुकते, बोट रोज घाला. फेब्रुवारीअखेर मूठभर शेणखत किंवा गांडूळखत.

जून-सप्टेंबर : कुंडी बदलायची तर जूनमध्ये, तीही दोन-तीन वर्षांतून एकदाच. एकच साइज मोठी घ्या, मुळं कापू नका, खोड आधीपेक्षा खोल पुरू नका. मातीत वाळू आणि शेणखत मिसळा, सोबत मूठभर निंबोळी पेंड.

ऑक्टोबर-जानेवारी : पाणी कमी, खत बंद.

आणि हो, नर्सरीतून आणल्या आणल्या लगेच कुंडी बदलू नका. पहिले पंधरा दिवस त्याला खिडकीजवळ नुसतं राहू द्या. नवीन नोकरीत आपल्यालाही तेवढे दिवस लागतातच ना?

आता माझ्याकडे एक रॅफिस आहे. दीड वर्षात त्याला प्रत्येक खोडावर मोजकी दोन-तीन पानं आली. पूर्वीचा मी असतो, तर एव्हाना चार प्रकारची खतं घालून मोकळा झालो असतो. मामांचा फोन येतो, तेव्हा ते नोकरीचं विचारतात, लग्नाचं विचारतात आणि शेवटी विचारतात, "नवं पान आलं का रे?"

"येतंय, मामा."

"येऊ दे. ओढून बघू नकोस."