खोबरेल तेलावर धावलेल्या गाड्या

मुलांनो, नकाशात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला बोगनव्हिल बेट शोधा बरं. ठिपक्याएवढंच आहे! पापुआ न्यू गिनीच्या या बेटावर १९७२ साली पांगुना इथे तांब्याची प्रचंड खाण सुरू झाली. तांबं गेलं परदेशी, गाळ आला जाबा नदीत. मासे गेले, शेतं गेली. १९८८ मध्ये चिडलेल्या लोकांनी खाणीचे विजेचे मनोरे पाडले. पुढच्या वर्षी खाण बंद पडली अन् युद्ध पेटलं. १९९० मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली. पेट्रोल संपलं, तर लोकांनी चक्क खोबरेल तेलावर गाड्या चालवल्या! पण हिवतापाची गोळी नारळातून कशी निघणार? हजारो माणसं दगावली. शांतता करार झाला तो २००१ मध्ये. २०१९ च्या मतदानात जवळजवळ ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. आई-बाबांना विचारा, या युद्धाची बातमी त्यांनी कधी वाचली होती का?