तळेघर नेमकं कोणत्या प्रदेशात?

कागदोपत्री उत्तर सोपं आहे: तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. पण याच तालुक्यात पूर्वेला ऊस, कांदा, बटाटा आणि मंचरची बाजार समिती. पश्चिमेला डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या वाटेवरचं तळेघर. इथे पाऊस धो धो, शेत मुख्यतः पावसाळी भाताचं. रोख पैसा बाळहिरड्याचा, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांचा. या दोन टोकांची सरासरी काढली की जो आंबेगाव दिसतो, तो प्रत्यक्षात कुठेच नसतो.

म्हणून अभ्यासक प्रदेश दोन तऱ्हांनी आखतात. सारखी पिकं, सारखा पाऊस असलेली गावं एकत्र करायची. मग तळेघरची सोयरीक मंचरपेक्षा जुन्नरच्या आदिवासी पट्ट्याशी जास्त जुळते. किंवा माणसं बाजाराला, दवाखान्याला, मजुरीला कुठे जातात ते पाहायचं. मग घोडेगाव, मंचर, नारायणगाव नकाशात येतात. दुसरी तऱ्हा मला अधिक खरी वाटते, पण तिची आकडेवारी गावोगाव फिरूनच मिळते.

अख्खा तालुका म्हणजे एक प्रदेश नव्हे, हे सरकारनेही एकदा मानलं आहे. 1985 च्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्राच्या आदेशात आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके सरसकट घेतलेले नाहीत, गावं नावानिशी मोजली आहेत.