पेनड्राइव्हवरील लिनक्स सुरू कां होत नाहीं?

भोर अथवा वेल्हे या गांवांहून पुणें पन्नास-साठ किलोमीटर दूर पडतें. तोरणा आणि राजगड यांच्या पायथ्याशीं असलेल्या शाळेंतील किंवा वडिलोपार्जित घरांतील जुना संगणक बिघडला, कीं तो एवढ्या दूर दुरुस्तीस नेण्यापेक्षां अडगळींत टाकणें बरें, असें मनुष्यास वाटूं लागतें. त्यांत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा संपला आणि अकरावी आवृत्ति ज्यांवर चालत नाहीं अशीं अनेक धडधाकट यंत्रें एकाएकीं जुनीं ठरलीं. लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली अशा यंत्रांस आणखी कांहीं वर्षांचें आयुष्य देऊं शकते. परंतु पेनड्राइव्ह लावून बटण दाबलें आणि पडदा काळाच राहिला, तर यंत्रच निकामी झालें असा निकाल दिला जातो. हा निकाल बहुधा घाईचा असतो.

फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. पुढें २००० सालीं जर्मनींतील क्लाउस क्नॉपर यांनीं ‘क्नॉपिक्स’ काढून संपूर्ण प्रणाली सीडीवरूनच चालविण्याची सोय लोकप्रिय केली. आजचा ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह हा त्याच कल्पनेचा वारस होय. त्यावरील प्रणाली संगणकाच्या मेमरींत चालते. मुद्दाम आज्ञा दिल्यावांचून ती घरच्या डिस्कवरील हिशेब, पत्रें वा छायाचित्रें यांस हात लावीत नाहीं. म्हणून जुन्या यंत्राची परीक्षा करण्यास याहून निर्धोक साधन नाहीं.

बिघाड शोधण्याची रीत भाटघरच्या पाण्यावरून ध्यानांत येईल. वेळवंडी नदीवरील या धरणाचें पाणी थेट शेतांत जात नाहीं. तें नीरा नदींत उतरतें, वीर येथें कालव्यांत वळतें, कालव्यांतून चारींत आणि चारींतून वाफ्यांत पोंचतें. वाफा कोरडा राहिला म्हणून शहाणा शेतकरी धरणास दोष देत नाहीं. पाणी शेवटीं कोठें दिसलें हें पाहून तो त्याच्या पुढची जागा तपासतो. संगणकाचेंहि तसेंच आहे. बटण दाबतांच मदरबोर्डावरील मूळ प्रणाली, म्हणजे जुनी बायॉस किंवा नवी युईएफआय, जागी होते. ती पेनड्राइव्हवरील बूटलोडरास हांक मारते. तो लिनक्सचा गाभा मेमरींत आणतो. आणि गाभा पडद्यावरचें चित्र उभें करतो. काम कोठें अडलें तें पडद्यावरूनच कळतें.

प्रथम यंत्रास ‘कोठून सुरू व्हावें’ हें सांगावें लागतें. डेल व लेनोव्हो यांच्या पुष्कळ यंत्रांवर एफ १२, तर एचपीवर एफ ९ ही कळ आरंभींच दाबल्यास यादी दिसते. विंडोजमध्यें ‘शटडाउन’ केलें तरी ‘फास्ट स्टार्टअप’मुळें यंत्र पुरतें बंद होत नाहीं, यास्तव ‘रीस्टार्ट’ करावें. यादींत पेनड्राइव्हचें नांवच नसेल, तर पहिला संशय त्यावरील लेखनाचा धरावा. आयएसओ फाइल नुसती उतरवून पेनड्राइव्हवर ठेवणें पुरत नाहीं. ती रूफस किंवा बालेना एचर यांसारख्या साधनानें लिहावी लागते. लेखनाच्या वेळीं पेनड्राइव्हवरील सारा मजकूर पुसला जातो, म्हणून निवडलेली डिस्क तीच आहे ना, हें दोनदां पाहावें. डोंगरांआड इंटरनेट तुटक असेल तर फाइल सदोष उतरण्याचा संभव असतो. ‘शा-२५६’ या पद्धतीचा ६४ अक्षरांचा ठसा ताडून पाहिल्यास ही शंका मिटते. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालला, तर दोष बहुधा पहिल्या यंत्राच्या बाजूस आहे, असें मानण्यास हरकत नाहीं.

नांव दिसतें पण पुढें नकार येतो, तेव्हां कारण निराळें असतें. फार जुनें यंत्र ३२ बिटांचें असल्यास आजच्या बहुतेक आवृत्त्या त्यावर चालत नाहींत. उबुंटूनें तर अशी डेस्कटॉप आवृत्ति २०१७ पासून बंद केली. उलट, २०१२ नंतरच्या पुष्कळ यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ हा पहारेकरी असतो. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका सुधारणेनें जुन्या सदोष बूटलोडरांस मज्जाव झाला, आणि कित्येक जुने पेनड्राइव्ह ‘सुरक्षा-धोरणाचा भंग’ अशा अर्थाचा संदेश देऊन थबकूं लागले. अशा वेळीं पहारेकऱ्यास हटविण्याआधीं लिनक्सची ताजी आवृत्ति लिहून पाहावी. तो तात्पुरता हटवावाच लागला, तर विंडोजची डिस्क ‘बिटलॉकर’नें बंद आहे कीं काय हें पाहून तिची ४८ अंकी किल्ली अगोदर कागदावर उतरून ठेवावी. ती नसल्यास स्वतःच्याच कागदपत्रांचें दार बंद होण्याचा धोका असतो.

लिनक्सचा मेनू दिसून नंतर पडदा काळा पडला, तर बहुधा चित्रयंत्रणेची अडचण असते. मेनूंतील ‘सेफ ग्राफिक्स’ निवडावें, किंवा गाभ्याच्या आज्ञेंत ‘नोमोडसेट’ हा शब्द घालावा. मध्येंच अक्षरें थांबलीं, तर यूएसबीचें दुसरें भोंक वापरावें. तेंहि निष्फळ ठरल्यास दुसऱ्या पेनड्राइव्हवर पुन्हां लेखन करावें.

एका वेळीं एकच बदल करावा आणि तो वहींत टिपून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं आणि पुढच्या खेपेस पुन्हां अंधारांत चांचपडावें लागतें. हीं सर्व ठाणीं तपासूनहि यंत्र हललें नाहीं, तरच तें पुण्यास न्यावें. तेव्हां सोबतची ती वही कारागिराचा निम्मा वेळ वांचवील.